चंद्रावर जायची स्पर्धा: बक्षीस ३ कोटी डॉलरचं, पण जिंकलं कुणीच नाही. असं का झालं?

दर वर्षी जुलै महिना आला की एक फॉरवर्ड फिरायला लागतो. तुमच्या खिशातला फोन अपोलोच्या कॉम्प्युटरपेक्षा लाखो पटींनी ताकदवान आहे, त्यांनी तेवढ्यात माणूस चंद्रावर उतरवला आणि तुम्ही रील्स बघत बसलाय, अशा अर्थाचा. खाली दोन रॉकेटचे इमोजी.

यातलं पहिलं वाक्य खरं आहे. अपोलोच्या गायडन्स कॉम्प्युटरची बदलता येणारी मेमरी, म्हणजे आजच्या भाषेत रॅम, साधारण ४ केबी होती. कायमची विणलेली मेमरी ७२ केबीच्या आसपास. ४ जीबी रॅमचा साधा फोन धरला तरी दहा लाख पट झाली. मग प्रश्न असा की कॉम्प्युटर एवढा स्वस्त झाला, सेन्सर स्वस्त झाले, कॅमेरे चिल्लर भावात मिळायला लागले, तर चार इंजिनिअर मित्रांनी एकत्र येऊन चंद्रावर एखादं छोटं यान का पाठवू नये?

हा प्रश्न खरोखर विचारला गेला होता आणि त्यावर ३ कोटी डॉलर लावले गेले होते. त्याचं नाव गूगल लूनार एक्स प्राइझ. १० वर्षांहून जास्त काळ जगभरातल्या टीम्स या स्पर्धेच्या मागे होत्या. त्यात आपल्या बेंगळुरूची एक टीम शेवटच्या पाचांत होती. आज त्या स्पर्धेचं नाव घेतलं तर बरेच जण ‘अच्छा, ती फसलेली?’ म्हणतात. फसली, हे खरंय. पण ती कशी फसली आणि त्यातून काय उरलं, हे समजून घेण्यासारखं आहे.

आधी १०० किलोमीटरची स्पर्धा

याची सुरुवात १९९६ मध्ये होते. पीटर डायमँडिस या माणसाने जाहीर केलं की जो कुणी सरकारी पैसा न वापरता तीन माणसांचं वजन वाहू शकणारं यान १०० किलोमीटर उंच नेईल, आणि तेच यान दोन आठवड्यांच्या आत पुन्हा नेऊन दाखवेल, त्याला १ कोटी डॉलर. ही कल्पना त्याने जुन्या विमानांच्या काळातून घेतली होती. न्यूयॉर्क ते पॅरिस न थांबता उडणाऱ्याला २५ हजार डॉलर असं ऑर्टिग प्राइझ होतं, आणि १९२७ मध्ये चार्ल्स लिंडबर्गने ते जिंकलं होतं.

मजेची गोष्ट अशी, की डायमँडिसने स्पर्धा जाहीर केली तेव्हा त्याच्याकडे ते १ कोटी नव्हतेच. पुढे अन्सारी कुटुंबाने पैसे दिले, म्हणून नाव अन्सारी एक्स प्राइझ झालं, आणि बक्षिसाची मोठी रक्कम चक्क विम्यातून उभी केली. विमा कंपनीचा हिशोब होता की २००४ संपेपर्यंत हे कुणाला जमणार नाही. ४ ऑक्टोबर २००४ ला बर्ट रुटानच्या ‘स्पेसशिपवन’ने कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटावरून दुसरं उड्डाण करून बक्षीस नेलं. मायक्रोसॉफ्टचा सहसंस्थापक पॉल ॲलन याने त्यावर बक्षिसाच्या दुपटीहून जास्त पैसे खर्च केले होते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

या विजयाने सगळ्यांचा आत्मविश्वास वाढला. इतका, की तीनच वर्षांत, सप्टेंबर २००७ मध्ये, पुढची स्पर्धा जाहीर झाली ती थेट चंद्राची. नियम ऐकायला सोपे होते. चंद्रावर यान सुखरूप उतरवा, तिथे ५०० मीटर सरका, एचडी व्हिडिओ आणि फोटो पाठवा. पहिल्याला २ कोटी डॉलर, दुसऱ्याला ५० लाख, बाकी बोनस. सरकारी पैसा १० टक्क्यांपेक्षा जास्त चालणार नाही. पहिल्या बक्षिसाची पूर्ण रक्कम २०१२ संपेपर्यंतच.

तेव्हा परिस्थिती काय होती? चंद्रावर शेवटचं सॉफ्ट लँडिंग १९७६ चं, सोव्हिएत युनियनच्या ‘लूना २४’चं. त्यानंतर ३१ वर्षं कुठल्याही सरकारने ते केलेलं नव्हतं. आणि इथे कॉलेजच्या पोरांना, आयटीवाल्यांना, निवृत्त इंजिनिअर्सना सांगितलं जात होतं, की या, पाच वर्षांत करून दाखवा.

तरी लोक आले. तीसच्या आसपास टीम्स नोंदल्या गेल्या. हंगेरीतल्या एका टीमने कुत्र्याच्या जातीवरून ‘पुली’ नाव घेतलं. जर्मनीतल्या टीमचं नावच ‘पार्ट-टाइम सायंटिस्ट्स’ होतं. ‘फ्रेडनेट’ नावाच्या टीमने ठरवलं की सगळं ओपन सोर्स करायचं, लिनक्ससारखं, ज्याला वाटेल त्याने डिझाइनमध्ये हातभार लावावा. मला ही टीम फार आवडते, कारण सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस जगाकडे कसा बघतो हे त्यात स्पष्ट दिसतं. कोड मोफत कॉपी होतो, चुकला तर पॅच टाकता येतो, मग रॉकेटचंही तसंच होईल. होत नाही.

१०० किलोमीटर आणि चंद्र, यात काय फरक आहे?

बहुतेकांना वाटतं की अवकाश म्हणजे उंची. १०० किलोमीटर जमलं की आता फक्त आणखी वर जायचं. पण खरी अडचण उंचीची नसून वेगाची आहे.

दगड वर फेकून तो १०० किलोमीटरपर्यंत पोचवायचा असेल, तर हवेचा अडथळा सोडून दिला तरी त्याला सेकंदाला १.४ किलोमीटर वेग द्यावा लागतो. तो वर जातो आणि परत पडतो. स्पेसशिपवनने हेच केलं. पण वर जाऊन तिथेच पृथ्वीभोवती फिरत राहायचं असेल, म्हणजे कक्षेत जायचं असेल, तर वेग लागतो सेकंदाला ७.८ किलोमीटर. वेग साडेपाच पट, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गात वाढते, म्हणजे जवळपास ३० पट. सिंहगड चढलो म्हणून एव्हरेस्ट म्हणण्यातला हा प्रकार आहे.

हौशी लोक आज कुठवर पोचलेत ते बघू. मे २००४ मध्ये अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटातून एका हौशी गटाचं रॉकेट पहिल्यांदा १०० किलोमीटरच्या वर गेलं. विद्यार्थ्यांना हे जमायला २०१९ उजाडलं. लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियातल्या मुलांचं रॉकेट १०३ किलोमीटरवर पोचलं. डेन्मार्कमध्ये ‘कोपनहेगन सबऑर्बिटल्स’ नावाचा गट आहे. लोकांच्या देणग्यांवर चालतो, सगळे स्वयंसेवक, नोकरी सांभाळून संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी वर्कशॉपमध्ये रॉकेट बनवतात. त्यांना माणसाला १०० किलोमीटरवर न्यायचंय. २०१० मध्ये त्यांचं पहिलं मोठं रॉकेट समुद्रातल्या तराफ्यावरून उडणार होतं, ते उडालंच नाही. द्रव ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह थंडीने गोठू नये म्हणून त्यांनी साधा हेअर ड्रायर लावला होता आणि त्याची बॅटरी संपली. व्हॉल्व्ह गोठला. पुढच्या वर्षी उडालं ते २.८ किलोमीटर गेलं. २०१८ चं त्यांचं रॉकेट साडेसहा किलोमीटर.

मी हे हसण्यासाठी सांगत नाहीये. हेअर ड्रायरवर अडलेली माणसं आठ वर्षांनीही तिथेच काम करत होती, हे मला त्या २.८ आकड्यापेक्षा मोठं वाटतं. पण चंद्र आहे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर.

म्हणून स्पर्धेतल्या कुठल्याही शहाण्या टीमने स्वतःचं रॉकेट बनवायचा विचार केला नाही. रॉकेट विकत घ्यायचं, म्हणजे मोठ्या रॉकेटवर जागा भाड्याने घ्यायची, आणि आपण फक्त लँडर बनवायचा. पण पृथ्वीच्या कक्षेत पोचलात तरी पुढे चंद्राकडे निघायला सेकंदाला सुमारे ३.१ किलोमीटर वेग वाढवावा लागतो, चंद्राजवळ थांबायला ०.९ च्या आसपास कमी करावा लागतो आणि खाली उतरायला आणखी सुमारे १.९. एकूण ६ किलोमीटर प्रति सेकंद. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे पॅराशूट निरुपयोगी. प्रत्येक ब्रेक इंधन जाळूनच मारायचा.

आणि इंधन स्वतःबरोबर वाहून न्यावं लागतं, ते वाहून न्यायला आणखी इंधन लागतं. वाटेत एकही पेट्रोल पंप नसलेल्या रस्त्याने बाईकवर कॅन लादून निघालात तर काय होईल? निम्मं पेट्रोल कॅन ओढण्यातच जाईल. रॉकेटचं समीकरण हेच सांगतं, फक्त त्याचं गणित जास्त निर्दयी आहे. लँडरमध्ये नेहमी वापरतात त्या प्रकारच्या इंधनाने ६ किलोमीटर प्रति सेकंद हवे असतील तर पृथ्वीच्या कक्षेत ७ किलो वजन असेल तेव्हा चंद्रावर १ किलो पोचतं. त्या १ किलोत टाकी, इंजिन, पाय, बॅटरी, सोलर पॅनल, अँटेना सगळं आलं. तुमचा रोव्हर उरल्यासुरल्यात.

इथे फोनचा काही उपयोग नाही. चिप कितीही लहान झाली तरी इंधनाचं वजन तेवढंच राहतं. इलेक्ट्रॉनिक्सचा खर्च खरंच कोसळलाय, हे खोटं नाही. नासाने २०१३ मध्ये अँड्रॉइड फोन वापरून बनवलेले छोटे उपग्रह कक्षेत सोडले. २०२१ मध्ये मंगळावर उडालेल्या ‘इंजेन्युइटी’ हेलिकॉप्टरमध्ये स्नॅपड्रॅगन ८०१ होता, तोच जो २०१४ च्या महागड्या फोन्समध्ये असायचा. पण चंद्राच्या मोहिमेत इलेक्ट्रॉनिक्स हा बिलाचा छोटा भाग. मोठा भाग म्हणजे रॉकेटचं भाडं, इंजिन, आणि टेस्टिंग. टेस्टिंगकडे आपण परत येऊ.

बेंगळुरूची टीम

२०१० संपत आलं होतं, नोंदणीची मुदतही संपत आली होती. भारतातून कुणीच नाही हे बघून दिल्लीतल्या राहुल नारायण या आयटी उद्योजकाने मित्रांना गोळा केलं आणि नाव नोंदवून टाकलं. टीमइंडस. यातल्या कुणीही आधी यान बनवलेलं नव्हतं. पुढे ते बेंगळुरूला गेले, कारण इस्रो तिथे आहे आणि इस्रोतून निवृत्त झालेले लोकही. तिशीच्या आतली मुलं आणि साठी ओलांडलेले शास्त्रज्ञ एकाच टेबलावर, असं ते ऑफिस होतं. रतन टाटा, नंदन निलेकणी अशांनी पैसे घातले. जानेवारी २०१५ मध्ये लँडिंगच्या तंत्रज्ञानासाठी त्यांना १० लाख डॉलरचं टप्प्याचं बक्षीसही मिळालं. २०१६ च्या शेवटी त्यांनी इस्रोच्या अँट्रिक्सशी पीएसएलव्ही रॉकेटचा करार जाहीर केला. सुमारे ६०० किलोचा लँडर, त्यावर त्यांचा छोटा चारचाकी रोव्हर, आणि सोबत जपानच्या ‘हाकुतो’ टीमचा ४ किलोचा रोव्हर. दोन प्रतिस्पर्धी एकाच टॅक्सीने जाणार होते.

त्यांनी आणखी एक गोष्ट केली जी फारशी कुणाला आठवत नाही. २५ वर्षांखालच्या मुलांसाठी स्पर्धा ठेवली. कोल्ड ड्रिंकच्या कॅनएवढा, २५० ग्रॅमच्या आतला प्रयोग बनवा, निवडला गेला तर चंद्रावर नेऊ. देशोदेशीच्या मुलांनी प्रस्ताव पाठवले. निवडक टीम्स २०१७ मध्ये आपापले डबे घेऊन बेंगळुरूला आल्या.

ते डबे चंद्रावर गेले नाहीत. संपूर्ण मोहिमेला ६ कोटी डॉलरच्या वर खर्च येणार होता आणि पहिलं बक्षीस होतं २ कोटी. स्पेसशिपवनचा आकडा आठवा. तिथे पॉल ॲलन एकटाच बक्षिसाच्या दुप्पट खर्च करायला तयार होता. इथे तिप्पट खर्च करून, जिंकलात तरी तोटाच, आणि हरलात तर शून्य. असा प्रस्ताव घेऊन गुंतवणूकदाराच्या दारात उभं राहायचं. जानेवारी २०१८ मध्ये पीएसएलव्हीचा करार रद्द झाल्याच्या बातम्या आल्या. टॅक्सीच गेली म्हटल्यावर हाकुतोही थांबली.

बाकी तीन फायनलिस्टही तयार नव्हते. मून एक्सप्रेस या अमेरिकन कंपनीला २०१६ मध्ये चंद्रावर जायची सरकारी परवानगी मिळाली होती, खाजगी कंपनीला मिळालेली पहिलीच, पण यान तयार नव्हतं. सिनर्जी मून अशा रॉकेटवर अवलंबून होती जे कक्षेत कधी गेलेलंच नव्हतं. इस्रायलच्या स्पेसआयएलकडे फाल्कन ९ वर जागा होती, पण तारीख पुढची. स्पर्धेची मुदत २०१२ वरून सरकत सरकत ३१ मार्च २०१८ पर्यंत आली होती. २३ जानेवारी २०१८ ला आयोजकांनी जाहीर केलं की कुणीही वेळेत निघू शकत नाही. बक्षीस रद्द.

माझ्या मते चूक बक्षिसाच्या रकमेत होती, कल्पनेत नाही. २ कोटी हा आकडा २००७ च्या उत्साहात ठरला होता. नंतर मुदत चार वेळा वाढवली, रक्कम तशीच. खरं तर उलट करायला हवं होतं.

बक्षीस गेल्यावर

यानंतर जे झालं ते मला सगळ्यात जास्त आवडतं. स्पेसआयएल थांबली नाही. २०१० मध्ये तीन तरुण इंजिनिअर्सनी तेल अवीवजवळच्या होलोन गावातल्या एका बारमध्ये बसून ही टीम सुरू केली होती. देणगीदारांच्या पैशांवर, सुमारे १० कोटी डॉलर खर्चून, त्यांनी ‘बेरेशीट’ लँडर बनवला. वजन ५८५ किलो, त्यातलं यान फक्त १५० किलो, बाकी सगळं इंधन. मघाचं गणित इथे डोळ्यांनी दिसतं.

फेब्रुवारी २०१९ मध्ये फाल्कन ९ वरून ते निघालं, दुसऱ्या एका मोठ्या उपग्रहाच्या शेजारी बसून. चांद्रयान ३ तुम्ही फोनवर फॉलो केलं असेल तर आठवेल, यान पृथ्वीभोवती लांबट फेऱ्या मारत हळूहळू चंद्रापर्यंत जातं. बेरेशीटनेही तेच केलं. ११ एप्रिल २०१९ ला उतरायला सुरुवात झाली, यानाने चंद्रासोबतचा सेल्फीही पाठवला. मग वेग आणि दिशा मोजणाऱ्या दोन सेन्सर युनिट्सपैकी एक बंद पडलं. ते परत सुरू करायची कमांड दिली गेली, त्यातून एकामागून एक गोष्टी बिघडत मुख्य इंजिनच बंद झालं. इंजिन परत सुरू झालं तोवर उशीर झाला होता. सेकंदाला जवळपास १ किलोमीटर वेगाने यान चंद्रावर आदळलं. एक्स प्राइझने तरीही त्यांना १० लाख डॉलर दिले.

हाकुतोचं काय झालं? हाकुतो म्हणजे पांढरा ससा. जपानी लोकांना चंद्रावर ससा दिसतो. आपल्याकडेही चंद्राला शशांक म्हणतात ते त्या सशावरूनच. या टीममागच्या कंपनीने, आयस्पेसने, स्वतःचा लँडर बनवायला घेतला. डिसेंबर २०२२ मध्ये तो निघाला आणि एप्रिल २०२३ मध्ये उतरायला लागला. त्याची चूक मी प्रत्येक नव्या सॉफ्टवेअर इंजिनिअरला सांगतो, म्हणून जरा सविस्तर.

लँडरला आपली उंची दोन मार्गांनी कळत होती. एक, स्वतःच्या हालचालीवरून केलेला अंदाज. दोन, खाली रडार मारून प्रत्यक्ष मोजलेली उंची. दोन्हींत फार फरक आला तर रडार बिघडलं असं समजून त्याचं ऐकायचं नाही, असा सॉफ्टवेअरमध्ये नियम होता. नियम चुकीचा अजिबात नाही. तुमच्या फोनचं जीपीएस अचानक तुम्हाला अरबी समुद्रात दाखवतं तेव्हा चांगलं ॲपही तेच करतं, तो एक पॉइंट फेकून देतं.

पण लँडरच्या वाटेत ॲटलस नावाच्या विवराची कडा होती. कडा ओलांडताच खालची जमीन खरोखर सुमारे ३ किलोमीटर खोल गेली. रडारने ते बरोबर मोजलं. सॉफ्टवेअर म्हणालं, असं होऊच शकत नाही, रडार खोटं बोलतंय. तिथून पुढे त्याने रडारकडे दुर्लक्ष केलं. शेवटी यानाला वाटलं आपण जमिनीला टेकलो. प्रत्यक्षात ते जमिनीपासून ५ किलोमीटर वर, अगदी हळू, सावकाश उतरत होतं. इंधन संपेपर्यंत तसंच. मग पडलं. चंद्राच्या गुरुत्वाने ५ किलोमीटर पडायला जेमतेम सव्वा मिनिट लागतं आणि खाली पोचेपर्यंत वेग ताशी साडेचारशे किलोमीटर होतो.

इंजिन नीट होतं, रडार नीट होतं, आणि कोडही लिहिला तसाच चालला. मग बिघडलं कुठे? उतरायची जागा डिझाइन पक्कं झाल्यानंतर बदलली गेली होती आणि नव्या वाटेवरच्या त्या कड्याची सिम्युलेशनमध्ये पुरेशी चाचणी झाली नव्हती. रिक्वायरमेंट बदलली, टेस्ट केसेस जुन्याच राहिल्या. आयटीत काम करणाऱ्या कुणालाही हे वाक्य नवीन नाही. फरक इतकाच, की आपण रात्री दोन वाजता हॉटफिक्स टाकतो. चंद्रापर्यंत सिग्नल एका बाजूने जायला १.३ सेकंद लागतात, उत्तर यायला आणखी तेवढेच. उतरत्या यानाला पृथ्वीवरून कुणी वाचवू शकत नाही. आयस्पेसने जून २०२५ मध्ये पुन्हा प्रयत्न केला. या वेळी उंची मोजणाऱ्या लेझरने आकडे द्यायला उशीर केला, आणि तेही यान आदळलं.

टीमइंडसचा लँडरही जवळजवळ परत उभा राहिला होता. मे २०१९ मध्ये नासाने चंद्रावर सामान पोचवायला ज्या खाजगी कंपन्या निवडल्या त्यात ऑर्बिटबियाँड होती, आणि तिचा लँडर टीमइंडसच्या डिझाइनवर होता. दोनच महिन्यांत ती कंपनी बाहेर पडली. निवडलेल्यांत ॲस्ट्रोबॉटिकही होती, ही पण एक्स प्राइझमधलीच जुनी टीम. तिचं ‘पेरेग्रिन’ जानेवारी २०२४ मध्ये निघालं आणि वाटेतच इंधन गळायला लागल्याने परत पृथ्वीच्या वातावरणात जळून गेलं.

शेवटी जमलं ते दुसऱ्यांनाच. फेब्रुवारी २०२४ मध्ये इंट्युइटिव्ह मशिन्सचं ‘ओडिसियस’ उतरलं, पण कलंडलं. २ मार्च २०२५ ला फायरफ्लाय या कंपनीचं ‘ब्लू घोस्ट’ चार पायांवर सरळ उतरलं आणि पूर्ण चांद्रदिवस, म्हणजे आपले १४ दिवस, काम करत राहिलं. या दोन्ही कंपन्या त्या स्पर्धेत कधीच नव्हत्या. त्यांच्याकडे बक्षिसाची आशा नव्हती, नासाचं कंत्राट होतं. फायरफ्लायचं १० कोटी डॉलरच्या आसपास. पोचल्यावर मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा काम करत असताना मिळणारा पगार बरा, हे कुठल्याही फ्रीलान्सरला विचारा.

मग हौशी माणसाने काय करायचं?

स्वतःचा लँडर विसरा, निदान सध्या. पण चंद्रापर्यंत हात पोचायचे दुसरे मार्ग आहेत आणि ते कमी लोकांना माहीत आहेत.

ऑक्टोबर २०१४ मध्ये चीनच्या एका चांद्रमोहिमेच्या रॉकेटला लक्झेंबर्गच्या कंपनीचं १४ किलोचं छोटं यंत्र चिकटवलेलं होतं. ते चंद्राला वळसा घालत असताना हॅम रेडिओच्या फ्रिक्वेन्सीवर सिग्नल पाठवत होतं आणि जगभरातल्या हौशी लोकांनी तो घरच्या अँटेनावर पकडला. २०१८ मध्ये त्याहून भारी झालं. हार्बिन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने बनवलेला छोटा उपग्रह ‘लाँगजियांग २’ चंद्राभोवती फिरायला लागला. त्यातला विद्यार्थ्यांनी बनवलेला कॅमेरा हॅम रेडिओवरून वापरता येत होता. जर्मनीतल्या एका हौशी माणसाने आपल्या घरच्या अँटेनावरून कमांड पाठवली, नेदरलँड्समधल्या द्विंगेलो इथल्या, स्वयंसेवकांनी चालवलेल्या जुन्या रेडिओ दुर्बिणीने उत्तर पकडलं. एक फोटो यायला जवळपास २० मिनिटं. त्यातला फेब्रुवारी २०१९ चा फोटो शोधून बघा. चंद्राची आपल्याला कधीच न दिसणारी बाजू आणि तिच्यामागे छोटीशी पृथ्वी.

भारतात हॅम रेडिओचं लायसन्स १२ वर्षांवरील कुणालाही मिळू शकतं, दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते.

आणि यासाठी अँटेनाही नको असेल तर फक्त इंटरनेट पुरतं. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान २ चा ‘विक्रम’ लँडर आदळला तेव्हा तो नेमका कुठे पडलाय हे आधी सापडत नव्हतं. नासाच्या लूनार रिकॉनिसन्स ऑर्बिटरने त्या भागाचे फोटो सगळ्यांसाठी खुले केले. चेन्नईचा इंजिनिअर षण्मुग सुब्रमण्यम घरी बसून आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी लावून पिक्सेल न् पिक्सेल ताडत राहिला. एक ठिपका आधी नव्हता, नंतर होता. त्याने नासाला कळवलं. २ डिसेंबर २०१९ ला नासाने जाहीर केलं की तो विक्रमचाच तुकडा आहे, आदळल्या जागेपासून सुमारे ७५० मीटरवर, आणि शोधाचं श्रेय त्याला दिलं.

ते सगळे फोटो आजही मोफत आहेत आणि फोनच्या ब्राउझरमध्ये उघडतात. ‘लूनार क्विकमॅप’ असं सर्च करा, चंद्राचा झूम करता येणारा नकाशा मिळेल. मारे सेरेनिटाटिस नावाच्या काळ्या मैदानाच्या उत्तर भागात बेरेशीट पडलं. नासाने प्रसिद्ध केलेला त्याचा फोटो शेजारी ठेवून बघितलात तर साधारण १० मीटर रुंदीचा एक गडद डाग दिसेल.